घाबरलेले पाय

पूर ओसरायचं नाव घेत नव्हता आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. क्रीडासंकुलाच्या मोठ्या हॉलमध्ये पुरातून बाहेर काढलेल्या लोकांना आणून ठेवलं होतं, आणि कंपनीने तिला तिथे पाठवलं होतं ते तिचं पायडलवर चालणारं जनित्र घेऊन. सायकलसारखं सीट, घडी करून पाठीवर टाकता येईल असा सांगाडा, पाय मारले की वीज. आपत्तीत अडकलेल्यांसाठी, डोंगरात भटकणाऱ्यांसाठी. त्यातला एकेक स्क्रू तिच्या डोक्यातून उतरला होता, म्हणून हॉलमध्ये पाऊल टाकल्यापासून सगळे तिला डिझायनरबाई म्हणू लागले होते.

पण तिचं अर्धं लक्ष नदीपलीकडे होतं. धाकटा भाऊ आदल्या दिवशी दुधाची गाडी घेऊन पलीकडे गेला आणि तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. फोन करणार तरी कसा? टॉवरच बंद पडले होते. पलीकडच्या छावणीशी बोलायला एकच साधन उरलं होतं, बचाव पथकाचा वायरलेस सेट. त्याची बॅटरी पाण्यात भिजून कामातून गेली होती.

"तुमच्या यंत्रावर चालेल का हो हा?" वायरलेसवाल्याने विचारलं.

"न चालायला काय झालं?" ती म्हणाली.

पहिल्यांदा एक दांडगा बेकरीवाला बसला. त्याने असे काही पाय मारले की सांगाडा थरथरला. सेट खरखरला आणि लगेच टक् आवाज होऊन गप्प झाला. वीज जास्त झाली की आपोआप तोडणारा स्विच तिनेच बसवला होता. मग एक मावशी पुढे आल्या. त्यांचे यजमान औषधं आणायला पलीकडे गेले होते, ते परतलेच नव्हते. मावशींनी पदर खोचला आणि सुटल्याच. पुन्हा टक्.

"मावशी, जरा हळू मारा ना."

"हळू? अगं बाई, माझा माणूस तिकडे आहे आणि मी हळू मारू?"

मावशींना उतरवून ती स्वतः बसली. एका लयीत चालवायचं, एवढंच तर होतं. पण डोळ्यांपुढे दुधाची गाडी आली, गाडीभोवतीचं गढूळ पाणी आलं आणि पाय कधी पळायला लागले ते तिचं तिलाच कळलं नाही. टक्.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी पंख्याखाली गप्पा मारत हे यंत्र तासन् तास चालवलं होतं. त्यातला एकही जण घाबरलेला नव्हता.

"काढून टाका तो स्विच," वायरलेसवाला वैतागला.

"मग तुमचा सेट जळेल, आणि आपण बसू हात चोळत."

ती उठली. दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बाहेर तिची गाडी चिखलात उभी होती. ती तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम पाना आणायला धावली.

हेडलाइट उपसून आणलेला बघून मावशी म्हणाल्या, "भरदिवसा दिवा कशाला गं?"

"जास्तीची वीज प्यायला कुणीतरी हवं ना, मावशी!"

तिने स्विचची वायर फिरवली. आता वीज जास्त झाली तर ती तुटणार नव्हती, जास्तीची तेवढी दिव्याकडे वळणार होती. घाईत बोट चांगलंच भाजलं, ते तिने तसंच तोंडात घातलं.

मावशी पुन्हा बसल्या. दिवा भगभगला, पण सेट चालू राहिला. वायरलेसवाला एकेक नाव सांगू लागला. पलीकडून खरखरत उत्तरं येऊ लागली.

"दुधाच्या गाडीवाला? आहे, आहे इथे. गाडी वाहून गेली, माणूस शाबूत आहे. म्हणतोय, ताईला सांगा, दूध नासलं."

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मावशींच्या यजमानांचं नाव मात्र तिकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशींनी ते ऐकलं आणि मान खाली घालून पाय मारत राहिल्या. भाऊ सापडला तरी तिला बसवेना. ती मावशींच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, मध्येच दिव्याची वायर चाचपत.

दुपार कलली तेव्हा निरोप आला. होडीवाल्यांना एका शाळेच्या गच्चीवर मावशींचे यजमान सापडले होते, औषधांची पिशवी गळ्यात बांधून बसलेले. मावशींना थांबा म्हणून सांगावं लागलं.

संध्याकाळी कंपनीचे साहेब आले. गोदामातला या जनित्रांचा सगळा माल उद्याच पूरग्रस्तांच्या छावण्यांना पाठवायचा म्हणाले.

"असा नाही जाणार," ती म्हणाली.

"अहो, चाचण्या पास झाल्यात!"

"निवांत माणसांच्या घेतल्या होत्या, साहेब."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. लोक खोळंबलेत, वरून तगादा चाललाय, सगळं बोलून झालं. मग बेकरीवाल्याच्या पायांवर भगभगणाऱ्या दिव्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"हे बसवायचं म्हटलं तर किती वेळ लागेल?"

"रात्रंदिवस बसलो तर फार नाही. पण आधी मावशींना चालवायला देणार, मगच पाठवणार."

साहेबांनी होकाराची मान हलवली, आणि ती पुढच्या यंत्रासाठी चिखलातल्या गाडीचा दुसरा दिवा काढायला निघाली.