स्केल्मर हॉलच्या जिन्यातली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पायरी आहे. यॉर्कशायरमधल्या स्केल्मर हॉल या मोठ्या घराच्या गोल जिन्यात माझे आयुष्य गेले.

त्या घराचा थाट वेगळाच होता. दर्शनी बाजूला उंच खांबांची रांग आणि त्यांवर त्रिकोणी माथा. उजवीकडे जितक्या खिडक्या, तितक्याच डावीकडे. जिथे खिडकीची गरज नव्हती तिथेही भिंतीवर खोटी खिडकी रंगवलेली, कारण तोल बिघडता कामा नये! पुढे हिरवळ उतरत जाई आणि खाली माणसांनीच खणलेले, पण निसर्गाचेच वाटावे असे तळे होते. घराच्या मधोमध घुमट, घुमटाला काचेचा झरोका, आणि त्याच्या उजेडात आमचा जिना.

जेबेझ ऑरेल नावाच्या गवंड्याने आम्हाला बसवले. प्रत्येकीचे एक टोक भिंतीत, दुसरे अधांतरी. आधार काय तो खालच्या बहिणीचा. लाकडी टेकू काढायच्या दिवशी मालक सर ह्यूगो दारातच थबकले.

"ऑरेल, पडणार नाही ना हे?"

"पडलं तर माझ्या टाळक्यात पडेल, साहेब," असे म्हणत तो आमच्या खाली जाऊन उभा राहिला आणि त्याने टेकू काढायला लावले. आम्ही तसूभरही हललो नाही.

मग कौतुकाचे दिवस आले. रेशमी झगे आमच्यावरून सळसळत गेले, नवऱ्या मुली उतरल्या, पाहुणे माना वर करून थक्क झाले. नोकरमाणसांना मात्र मागचा अंधारा जिना. आमच्याकडे ती यायची ती गुडघे टेकून आम्हाला घासायलाच.

दुसऱ्या महायुद्धात घरात पलटण उतरली. महोगनीची दारे शेकोटीत गेली. शिपाई चहाच्या तबकांवर बसून आमच्यावरून घसरत. "हाण, आल्फ! थेट तळ्यात जाऊन पड!" असा गलका चाले. एकाने गंमत म्हणून झरोक्याची काच गोळी झाडून फोडली. पलटण गेली, भोक राहिले.

घराण्यातल्या शेवटच्या, सेलिनाबाई, म्हातारपणी परत आल्या. सोबत त्यांची जुनी मोलकरीण हेस्टर. दोघींनी आमच्यावर बादल्या मांडल्या. पण पाणी भिंतीत मुरू लागले, छताच्या नक्षीतल्या चुन्याच्या फुलमाळा गळून पडू लागल्या. एवढ्या उंचीवर परांची बांधण्याची बाईंची ऐपत उरली नव्हती. मोठमोठी माणसे घर पाहायला येत.

"अप्रतिम! देशाचा ठेवा आहे हा," एक गृहस्थ म्हणाले.

"मग वर ती एक काच बसवून द्याल का?" बाईंनी विचारले.

ते मनापासून हसले. बाई विनोद करताहेत असे वाटले त्यांना.

बाईंनी घर देऊ केले, तर शाळेने नको म्हटले, सरकारने नको म्हटले. शेवटी घरे पाडणाऱ्या एका ठेकेदाराने ते घेतले. निघायच्या दिवशी दोघी वरच्या मजल्यावर उभ्या होत्या.

"हेस्टर, चल, आज माझ्यासोबत या जिन्याने उतर."

"नको बाईसाहेब. माझा जिना मागचा."

"अगं, आता बघायला कोण आहे?"

हेस्टरने भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे बोट केले. "मोठे साहेब होते ना तिथं टांगलेले. तसबीर गेली, पण धाक गेला नाही बघा."

बाई मागच्या जिन्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग मीच येते तुझ्या जिन्याने."

आम्ही वाट पाहत राहिलो. भिंतीपलीकडून पावले ऐकू आली आणि हेस्टरचा आवाज, "डोकं सांभाळा, इथं छत खाली आहे. हात द्या. कधी आलाच नाहीत ना इकडं!"

आमच्यावरून कोणीच उतरले नाही.

दुसऱ्या आठवड्यात कामगार आले. "खालून हात लावू नका रे, सगळं अंगावर येईल," असे मुकादम ओरडला, म्हणून वरून सुरुवात झाली. पाणी मुरून थंडीत तडकलेल्या माझ्या बहिणी हातोड्याखाली फुटल्या आणि रस्त्याच्या भरावात गेल्या. मी धड निघाले. टॉर्डॉफ नावाच्या शेतकऱ्याने मला आपल्या शेताच्या फाटकातल्या चिखलावर उलटे टाकले. माझी गुळगुळीत बाजू आता मातीत आहे. सेलिनाबाई त्याच हिवाळ्यात गेल्या. हेस्टर कुठे गेली, कोणी बोलले नाही.

मित्रांनो, मला इथून उचला असे मी म्हणत नाही. उचलून ठेवणार कुठे? तो जिना आता नाही. पण जे घर, जे झाड, जे म्हातारे माणूस तुम्हाला सुंदर वाटते, त्याच्यापाशी नुसते 'वा' म्हणून थांबू नका. त्याच्या डोक्यावर पाणी गळते आहे का, एवढे विचारा. आणि गळत असेल तर शिडी आणा. आमच्याकडे आलेले सगळे हळहळले, मित्रांनो. शिडी कोणीच आणली नाही.