गोकुळ बैरागींचा हुंकार

या, असे जवळ या. तिकडे खांबाशी टेकून बसलात तर माझा आवाज पोहोचेल, पण तुमचा माझ्यापर्यंत येणार नाही, आणि आजच्या गोष्टीला तुमचाच आवाज लागणार आहे. मी सांगत जाईन, तुम्ही मधून मधून ‘हूं’ म्हणत जा. एवढी एकच दक्षिणा.

आमच्या बांगलादेशातल्या माणिकगंजकडे पालाकीर्तनाचा आसर, म्हणजे राधाकृष्णाची कथा गाऊन सांगायची बैठक, बसतो तेव्हा मूळ गायकाच्या मागे दोहार बसतात. दोहार म्हणजे झील धरणारे. गायक राधेचा विरह सांगता सांगता थांबतो, श्वास घेतो, आणि तेवढ्या फटीत दोहार ‘आहा’ म्हणतो, ‘मग?’ म्हणतो, नुसता हुंकार भरतो. त्या हुंकारावर पाय ठेवून गायक पुढच्या पायरीवर चढतो. लहानपणापासून मी हे ऐकत आलो. माझ्या राधामाधवाने मला गळा दिला नाही, कान दिले. गोकुळ बैरागी नावाचे एक दोहार होते. त्यांनी जन्मात कधी एक अख्खं पद गायलं नाही. पण ते नसले की मोठमोठे गायक पाणी मागायचे.

ही गोष्ट मात्र तहसिना शराफतची. ढाक्याच्या विद्यापीठात आमची भाषासंस्था आहे. तिथे मी बांगला शिकवायचो आणि तहसिना जपानी शिकवायची. जपानीच असं नाही, दुपारी ती जपानी मुलांना बांगलाही शिकवायची. सकाळी एका पुलावरून जाणाऱ्यांना निरोप, दुपारी त्याच पुलावरून येणाऱ्यांचं स्वागत. तरुणपणी शिष्यवृत्तीवर जपानच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलुखात गेली होती. तिथे एका खेड्यात शिगेनो नावाच्या म्हाताऱ्या आजी सफरचंदाच्या बागेत शेजारणीशी गप्पा मारायच्या, तहसिना टेप लावून बसायची. तिच्या ध्यानात आलं की बोलणारीपेक्षा ऐकणारीच जास्त आवाज करते आहे. अर्ध्या वाक्यालाही हुंकार. जपानीत त्याला आइझुची म्हणतात. तो मिळाला नाही तर बोलणाऱ्याला वाटतं, समोरचा एक तर रागावला किंवा उठून गेला.

आणि आपल्याकडे? बापासमोर, गुरूसमोर, मोठ्या माणसासमोर आपण खाली मान घालून गप्प ऐकतो. तोच आदर. ‘हूं हूं’ केलं तर पाठीत धपाटा.

तहसिनाचं म्हणणं एवढंच होतं की आपली पोरं जपानात जातात, व्याकरण घोटून जातात, आणि तिथे ऐकताना मार खातात. अगदी अलीकडे तिचा एक विद्यार्थी, मुनीरुल, ओसाकाला वृद्धांची सेवा करायला गेला. त्याने फोनवर सांगितलं, “आपा, आजोबा सगळ्यांना सांगतात की मी भिंत आहे. मी तर किती मान देऊन ऐकतो!” तहसिना म्हणाली, “मान पुरे कर बाबा, जरा आवाज कर.”

पण ते फार नंतरचं; त्याच्या कितीतरी आधी, तरुणपणीच, ती माझ्याकडे आली होती. “निताईदा, आपल्या लोकांना हुंकार द्यायला येतच नाही असं थोडंच आहे? कुठेतरी येत असेलच.” मी तिला आसराला घेऊन गेलो. गोकुळ बैरागींचा पहिला हुंकार ऐकला आणि ती अशी दचकली की हातातला मुढीचा, म्हणजे मुरमुऱ्यांचा, पुडा सांडला. “हे तर शिगेनो आजींसारखं!” त्यानंतर अनेक हिवाळे ती टेप घेऊन बैरागींच्या अंगणात जात राहिली. बैरागी विचारायचे, “बेटी, सगळे गायकाचं गाणं नेतात, तू माझं हूं कशाला नेतेस? त्याचं लोणचं घालणार का?”

“घालणार, काका. मुरलं की जपानला पाठवणार.”

लोणचं मुरायच्या आधीच बैरागी गेले. टेप तेवढ्या राहिल्या.

या कामावर तहसिनाने लेख लिहिले, पुस्तक लिहिलं. पण प्राध्यापकपदाचा अर्ज केला की बांगलावाले म्हणत, ही जपानीची. जपानीवाले म्हणत, ही तर खेड्यातल्या भजनी मंडळींच्या मागे लागलेली. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं तिचं झालं. वर्षं गेली, तिने शिकवलेली पोरं प्राध्यापक झाली आणि वरच्या मजल्यावर खोल्या घेऊन बसली. ती आपली सहयोगी प्राध्यापकच, तळमजल्यावर, जिन्याखालच्या ओल आलेल्या खोलीत. आता निवृत्ती दाराशी आली होती. शेवटची संधी होती. यावेळी झालं तर झालं, नाहीतर त्याच पाटीनिशी घरी जायचं.

अशात आमचे संचालक मोफाज्जल सर यांना जुन्या टेप संगणकावर चढवायचा उत्साह आला. उत्साह चांगलाच होता. टेपांना बुरशी लागायला लागली होती. सगळ्यांच्या टेप गेल्या, तहसिनाच्याही गेल्या. काही महिन्यांनी सरांनी तिला आणि मला बोलावलं, समोर सिंगारा, म्हणजे आमचा समोसा, ठेवला आणि अभिमानाने कळ दाबली.

शिगेनो आजी बोलल्या. थांबल्या. शांतता. पुन्हा बोलल्या. पुन्हा शांतता.

तहसिना वाट बघत राहिली. “सर, बाकीचं?”

“बाकीचं काय?”

“ऐकणारी कुठे आहे?”

“अहो आपा, तोच तर त्रास होता! कोणीतरी बाई सारखी मध्ये हूं हूं, हूं हूं. लॅबमधल्या पोरांनी एकेक करून काढलं. आणि तुमचा तो कीर्तनाचा म्हातारा! काय गोंगाट करायचा! आता बघा, काच कशी पुसल्यासारखी.”

“आणि मूळ टेप?”

“बुरशी होती ना. टाकल्या.”

तहसिना सिंगारा बाजूला सारून उठली. मीच ओरडलो, “सर, हा म्हणजे मासे फेकून पाणी जपून ठेवण्यातला प्रकार झाला!” सर दुखावले. म्हणाले, “निताईदा, चांगलं करायला जावं तरी तुमच्याकडून शिव्याच.” खरं सांगतो, त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तेच तर जास्त जिव्हारी लागतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. भल्या माणसाशी कसं भांडणार?

आता पुरावा म्हणून उरला फक्त एक माणूस. मियानागा. तरुणपणी तो तहसिनाच्या हाताखाली बांगला शिकला होता, आणि तिच्या मूळ टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून त्यावर स्वतः काम केलं होतं. आता तिकडे तो मोठा प्रोफेसर. निवड समितीने बाहेरचा तज्ज्ञ म्हणून त्यालाच नेमलं. मी राधामाधवापुढे बत्तासे ठेवले. म्हटलं, देवा, एकदा तरी.

मुलाखत सकाळी होती. कुलगुरू मध्यभागी, एका बाजूला मोफाज्जल सर, दुसऱ्या बाजूला दोन सदस्य, आणि संस्थेतला सगळ्यात जुना म्हणून सरांच्या पलीकडे कोपऱ्यात मी. समोर भिंतीवर पडदा आणि पडद्यावर मियानागा, टाय वगैरे बांधून. तहसिनाने आपलं काम सांगितलं. बोलताना पडद्यावरून मियानागाची मान सारखी हलत होती आणि दर अर्ध्या वाक्याला ‘हूं’, ‘हां’, ‘अच्छा’. कुलगुरूंना ते खपेना. “ते सारखं मध्ये का बोलतायत? यांच्याबद्दल काही तक्रार आहे का?”

तहसिना हसून म्हणाली, “नाही सर. ऐकतायत.”

“मग गप्प ऐकावं की!”

एका सदस्याने विचारलं, “तुमची मूळ सामग्री ऐकवता?” तिने ती काच पुसल्यासारखी साफ केलेली टेप लावली. गायक गायचा, थांबायचा, आणि खोलीत पंख्याची घरघर. ज्या जागी गोकुळ बैरागी असायचे त्या प्रत्येक जागी एक खड्डा. सदस्य म्हणाला, “यात ऐकणारा तर दिसत नाही.” तहसिनाने काय झालं ते सांगितलं. मोफाज्जल सर चष्मा पुसू लागले. कुलगुरू म्हणाले, “ठीक आहे. प्रोफेसरांनी त्या ऐकल्यात ना? त्यांनाच विचारू. आपण जरा बाहेर बसा.”

नियमच तसा आहे. तज्ज्ञ बोलताना उमेदवाराने बाहेर बसायचं. तहसिना उठली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं.

मियानागा स्वच्छ बांगलात बोलायला लागला. जपानी माणसाची रीत तुम्हाला सांगतो. तो आधी उणं सांगतो आणि शेवटी सोनं. दारातच गूळ देत नाही. म्हणाला, “गावं दोनच घेतली आहेत, हे थोडं कमी वाटेल. माणसंही फार नाहीत.” थांबला.

आमच्या बाजूला कोण बोलणार? परदेशचा एवढा मोठा माणूस बोलतोय! कुलगुरूंनी हात जोडल्यासारखे एकमेकांत गुंतवले, मान खाली घातली. सदस्यांनी माना खाली घातल्या. मोफाज्जल सरांनी तर डोळेच मिटले. मी आपला सवयीने म्हटलं, “हूं.”

मोफाज्जल सरांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. “निताईदा! काय गावठीपणा हा!”

माझ्या त्या एका हुंकाराने मियानागाचा चेहरा उजळला होता, तुम्हाला शपथेवर सांगतो. तो पुढे म्हणाला, “लेखनात पुनरुक्तीही आहे. मात्र, या सगळ्याच्या पलीकडे...” आणि थांबला. श्वास घेतला. वाट बघितली.

आम्हीही वाट बघितली.

तो पडद्याच्या जवळ आला, डोळे बारीक करून बघू लागला. त्याला काय दिसत असेल? पाच माना खाली घातलेल्या, एकही हलत नाही, एकही आवाज नाही. मी कुजबुजलो, “सर, काहीतरी बोला. माणूस तिकडे विहिरीत पडलाय.”

“श्श! ते विचार करतायत. मोठ्या माणसाला टोकू नये.”

“अहो ते विचार नाही करत, त्यांना वाटतंय आपण गोठलोय!” मी उठून हात हलवायला गेलो तर सरांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. एवढ्यात मियानागाने नम्रपणे मान लवून काहीतरी पुटपुटलं आणि पडदा काळा झाला.

“लाइन गेली,” कुलगुरू म्हणाले. “जपानातही वीज जाते वाटतं!” सगळे हसले.

“तो परत येईल, थोडं थांबू या,” मी म्हटलं.

कुलगुरूंनी घड्याळ बघितलं. त्यांना सचिवालयात जायचं होतं. “बोलले की ते. गावं कमी, माणसं कमी, पुनरुक्ती. मोफाज्जल, लिहून घेतलंत ना?”

“घेतलं सर.”

“तज्ज्ञांचंच मत प्रतिकूल म्हटल्यावर आपण काय करणार? वाईट वाटतं. बाई कष्टाळू आहेत.” ते उठलेच. संगणक बंद करताना कोपऱ्यात एक खूण लुकलुकत होती, कोणीतरी दार ठोठावत असल्यासारखी. मी म्हटलं, “तो आला! बघा, आला!” सरांनी झाकण मिटलं होतं. म्हणाले, “निताईदा, मत नोंदवलं गेलं. आता सभा संपल्यावर आलेलं धरता येत नाही.”

बाहेर बाकावर तहसिना बिनदुधाच्या लाल चहाचा कप हातात घेऊन बसली होती. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. तरी तिने काय विचारलं माहीत आहे? निकाल नाही विचारला.

“निताईदा, आत कोणी हूं म्हणालं?”

“मी म्हणालो. एकदा.”

“फक्त एकदा?”

“मग माझा गुडघा दाबला.”

ती हसायला लागली. इतकी हसली की चहा साडीवर सांडला. आणि मग हसणं कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते मला सांगता येत नाही, मी जिन्याकडे बघत उभा राहिलो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मियानागा. “सेन्सेई,” गुरूला तिकडे असंच म्हणतात, तो रडकुंडीला येऊन म्हणत होता, “मी महत्त्वाचं सांगणारच होतो आणि तिकडे चित्र गोठलं. मी कितीदा ठोठावलं. आता त्यांना पत्र लिहू?” त्याने लिहिलं. ते पत्र फायलीला लागलं. निर्णय झाल्यावर आलेलं म्हणून वाचलं कोणी नाही.

तहसिना सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाली. तिची शिकवायची एक पद्धत मात्र शेवटच्या दिवसापर्यंत चालली. पोरं समोरासमोर बसवायची, एकाने गोष्ट सांगायची आणि दुसऱ्याने झील धरायची. वरून मोफाज्जल सर जिना उतरून यायचे. “आपा, हा वर्ग आहे की कीर्तनाचा आसर?” ती म्हणायची, “सर, बसा ना. एक दोहार कमीच आहे.” ते काही बसायचे नाहीत. मी मात्र आता निवृत्तीनंतरही ओसाकाहून कधीमधी मुनीरुलचा फोन आला की विचारतो, आजोबा काय म्हणतात? तो म्हणतो, “काका, आता ते माझ्याशिवाय कोणाला काही सांगतच नाहीत.”

तहसिनाला कागदावर जे मिळायचं होतं ते मिळालं नाही. मला अजून राग येतो, लपवत नाही. देवाचं नाव घेतानाही मध्येच येतो.

तुम्ही मघापासून हूं म्हणत होतात, मी ऐकत होतो. आता एक मागणं. गोकुळ बैरागी नावाचा एक माणूस होऊन गेला. त्याचा आवाज कुठेच उरला नाही. जो होता तो आम्ही शिकल्यासवरल्या लोकांनी गोंगाट समजून पुसला. उद्या घरी कोणी म्हातारं माणूस जुनीच गोष्ट पुन्हा सांगायला लागेल, बोलता बोलता थांबेल आणि तुमच्याकडे बघेल. तेव्हा मान खाली घालून गप्प बसू नका. बैरागींची आठवण ठेवा, आणि त्यांच्या वाटचा एक हुंकार भरा.