मध्यंतरात गेलेला आवाज

मटिल्डा मूळची वसईची. मस्कतच्या ऑपेरा हाउसमध्ये गायकांना पोशाख चढवण्याचं काम ती अकरा वर्षं करत होती. त्या आठवड्यात तिच्याकडे ओल्द्रिख स्वोजिल हा चेक टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा गायक, होता. वय सत्तावन्न. ट्राम चालवणाऱ्याचा मुलगा, चर्चच्या कॉयरमधून वर आलेला. तीस वर्षं युरोपभर गायला. दोन वर्षांपूर्वी भर प्रयोगात त्याचा वरचा सूर फाटला आणि बोलावणी थांबली. त्यानंतर आलेलं मस्कतचं हे पहिलंच.

प्रयोग शनिवारी दुपारी चारला होता. सकाळी तो घसा धरूनच आला. मटिल्डा त्याला मस्कतच्याच बौशर भागात डॉक्टर नयनांकडे घेऊन गेली. त्यांनी दुर्बिणीने घसा पाहिला.

"स्वरतंतूवरची रक्तवाहिनी सुजलीय. आज गायलात तर फुटेल. मग आवाजाची खात्री नाही."

टॅक्सीत तो म्हणाला, "मटिल्डा, हे कुणाला सांगायचं नाही. आज मागे फिरलो तर मला पुन्हा कोणी बोलावणार नाही. वचन द्या."

तिने दिलं.

पहिला अंक तिने विंगेत उभं राहून ऐकला. त्याने वरचा सूर लावला की तिच्या हातातला झगा आवळला जायचा. ओठ आपोआप प्रार्थना पुटपुटत होते. अंक निभावला, टाळ्या पडल्या. तो मेकअप रूममध्ये आला, हसला, काही बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

त्याने कागदावर लिहिलं, 'आवाज दहा मिनिटांत येईल. गप्प राहा.'

मग आरशाकडे वळून तो सूर लावायला लागला. गळ्याच्या शिरा ताणल्या, आवाज शून्य. डोळ्यांत अंधारात एकट्या राहिलेल्या पोरासारखी भीती. सांगितलं तर याचं सगळं खलास. नाही सांगितलं तर?

ती कॉरिडॉरमधून जवळजवळ धावतच स्टेज मॅनेजर तेजश्रीकडे गेली.

"मॅडम, सर गाऊ शकत नाहीत. आवाज गेलाय. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं."

"सकाळी? आणि तू आत्ता सांगतेस?"

राखीव गायकाने प्रयोग पुरा केला. ओल्द्रिखने मटिल्डाला हातही लावू दिला नाही. कोटाची बटणं स्वतःच काढली, आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. नोकरी जाणार म्हणून ती महिनाभर धास्तावलेली होती. नोकरी गेली नाही.

ईस्टरला त्याचं पत्र आलं. 'दोन महिने मुका होतो. डॉक्टर म्हणतात, दुसरा अंक गायलो असतो तर बोलताही आलं नसतं. स्टेज सुटलं. मुलांना गाणं शिकवतो. तुमचा राग मात्र अजून येतो.'

मटिल्डाने उत्तर लिहिलं, 'राग येऊ द्या, सर. फक्त ओरडू नका.'