होय, परंतु

कात्रीसरांनी मतपेटी टेबलावर उपडी केली, पहिली चिठ्ठी उलगडली आणि कपाळाला हात लावला. चिठ्ठीवर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं होतं. लिहिणाऱ्याने दोन्ही बाजू भरून, वर समास सोडून तळटीपही जोडली होती.

प्राध्यापकांची संघटना काढायची की नाही, यावर मंडळी दुपारभर भांडली होती. मतं मात्र कात्रीसरांनीच मोजावीत, यावर सगळ्यांचं एकमत. हिशेबशास्त्राचा हा मास्तर सख्ख्या भावालाही अर्धा गुण सोडणार नाही, म्हणून तर ते नाव पडलेलं. नियमही त्यांनीच घातला होता: एका शब्दापेक्षा जास्त लिहिलं की मत बाद.

त्यांनी स्वतः ‘नाही’ लिहिलं होतं. त्यांची सून याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण हंगामी. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची, की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा धाकधूक. संघटना झाली, तर हंगामींना कायम करा ही पहिली मागणी ठरलेली. सासऱ्याने सुनेची सोय लावली, असं उद्या कुणी म्हणायला नको. घरात दोघंही या विषयाला वळसा घालून जेवत होती.

“दुसरी काय म्हणते?” तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख मान लांब करून म्हणाले. संघटना झालीच पाहिजे म्हणून सभेत मुठी आपटणारे हेच.

“ ‘होय, परंतु’. पुढे तुमच्या भाषणाएवढं आहे.”

“परंतु महत्त्वाचा असतो हो!”

“मग परंतुचीच संघटना काढा.”

दोन-चार चिठ्ठ्या सोडल्या, तर सगळा निबंधांचाच गठ्ठा निघाला.

“पहिला शब्द धरा आणि आटपा ना,” इतिहासाच्या बाई म्हणाल्या. “चहाचं पाणी झालं तिकडे.”

सरांनी मनातल्या मनात तसं धरून पाहिलं. ‘नाही’चं पारडं किंचित जड होतं. म्हणजे त्यांना हवं तेच. मान डोलवायची आणि मोकळं व्हायचं. एकच चिठ्ठी उरली होती.

ती उघडताच अक्षर ओळखीचं वाटलं. बारीक, उजवीकडे कललेलं. घरी त्यांच्या औषधांच्या डब्यावर हेच असायचं. ‘नाही. संघटना हवी आहे. पण माझ्यापायी मोजणाऱ्या माणसाकडे कुणी बोट दाखवलेलं मला चालणार नाही.’

सरांनी चष्मा काढून पुसला. मागच्या बाकावर सूनबाई उत्तरपत्रिका तपासत होती. एकच पान बराच वेळ तपासत होती.

“सगळे निबंध बाद,” सर म्हणाले. “उरलेल्या दोन-चार मतांवर निर्णय घेतला, तर लोक हसतील. फेरपरीक्षा घेऊ.”

“अहो, पुन्हा निबंधच येतील!”

“कसे येतील? पेनं जमा करा.”

शेजारच्या खोलीत खडूंची दोन खोकी ठेवली. पांढरा म्हणजे होय, तांबडा म्हणजे नाही. एकेकाने आत जायचं, हवा तो खडू उचलून पेटीत टाकायचा. पेनाविना या विद्वानांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. सर सर्वांत शेवटी गेले. बराच वेळ आत होते.

पेटी उघडली. पांढरे जास्त निघाले. फार नाही, पण पुन्हा मोजायची गरज पडू नये इतके. टाळ्या पडल्या, तांबड्यांनीही वाजवल्या.

घोळ लक्षात आला तो चहाच्या टेबलाशी. कप धरायचा, तर खडूने रंगलेली बोटं दिसणार. तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख दोन्ही हात खिशात घालून उभे होते.

“घ्या की!” इतिहासाच्या बाई म्हणाल्या.

“चहा सोडलाय मी.”

“कधीपासून?”

“आत्ताच.”

हास्याचा असा फवारा उडाला, की खिडकीतली कबुतरं उडाली.

त्या गोंधळात सूनबाईने सरांपुढे कप धरला. तिच्या बोटांची टोकं पांढरी झाली होती. सरांनी सगळ्यांदेखत हात पुढे केला. तीही बोटं पांढरीच. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

“लोक बोलतील हं, बाबा,” ती हळूच म्हणाली.

“बोलू देत,” सर म्हणाले. “यात साखर घातलीस का?”