आधी गुरूचं नाव

मी डूख धरते. आमच्या घरात हा गुण फक्त माझ्यात आहे. आई म्हणते, आमच्या क्रांतीला कुणी चिमटा काढला तर ती जागा विसरेल, पण काढणारा माणूस विसरणार नाही.

माझा माणूस म्हणजे नानासो. रहिमतपुरात त्यांची बेंजो पार्टी आहे. टेंपोवर भोंगे, पुढे ताशेवाले आणि मधोमध फेटा बांधून नानासो बेंजोवर. मी इलेक्ट्रिक गिटार नुकतीच शिकायला लागले होते तेव्हा जयंतीच्या मिरवणुकीत त्यांनी मला एक गाणं वाजवायला दिलं. आयुष्यातला पहिलाच कार्यक्रम. सगळी गल्ली चौकात गोळा झालेली, आई नवी साडी नेसून पुढे उभी. मी तार छेडली आणि भोंग्यातून अशी किंकाळी निघाली की बायकांनी कान झाकले. पुन्हा छेडली, पुन्हा तेच. नानासोंनी माझी वायर उपटली आणि माइकवर म्हणाले, "मंडळी, घाबरू नगा. डास हाय, कानात शिरलाय. आत्ता मारतो!"

चौक खो खो हसला. आईसुद्धा कसनुशी हसली, ते मला जास्त लागलं. कुणीतरी त्याची रील केली आणि तेव्हापासून मी डास झाले. किराणा दुकानात डास, एसटी स्टँडवर डास.

पुढं मी शिकायला सांगलीला गेले आणि कॉलेज सुटल्यावर एका साउंडवाल्याकडे काम धरलं. तिथं कळलं की त्या दिवशी माझी बोटं चुकली नव्हती. आमच्याकडे बेंजो, कॅसिओ, गाणारा, सगळं एकाच मिक्सर मशीनला जोडतात आणि इकोचं बटण पूर्ण फिरवून ठेवतात. आवाज घुमला नाही तर लोकांना मिरवणूक आल्यासारखी वाटत नाही. बेंजोला ते खपतं. गिटारचा आवाज मात्र त्या इकोत स्वतःच्याच पायात पाय अडकून पडतो, आणि शेजारी भोंगा असला की किंचाळतो. नानासोंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. न कळणाऱ्या माणसानं मला भर चौकात मारायला काढलं होतं, म्हणून माझा राग दुप्पट झाला.

यंदा शिक्षण आटोपून मी घरी आले, तर एक दिवस नानासोच दारात उभे.

"क्रांतीताई हायत का?" आधी क्रांते म्हणायचे, आता ताई.

"बोला नाना."

"आमच्या प्रथमेशनं गिटार घेतलीया. लय वरडती बघा. यंदा जयंतीला त्येला पैल्यांदा उभा करायचाय, आन् समदे म्हंत्यात, क्रांतीताईलाच इचारा."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यात गाढव मी ठरत होते, पण नानासो पाय धरणार असतील तर माझी हरकत नव्हती.

"शिकवते," मी म्हणाले. "पण त्या दिवशी मशीनवर मी बसणार. आन् तुमच्या पार्टीची रीत हाय ती पाळायची."

रीत अशी की नवा वाजवणारा उभा राहतो तेव्हा त्याचा बाप कानाला हात लावून माइकवर आधी त्याच्या गुरूचं नाव घेतो. मगच पोरगा तार छेडतो. चौकात माझं नाव त्याच तोंडातून यायला हवं होतं ज्या तोंडातून डास आला होता. मला बाकी काही नको होतं.

नानासो उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "घेतो की. त्यात काय?"

प्रथमेश कॉलेजात जाणारा, अबोल पोरगा. सगळे नवशिके करतात तेच त्यानंही केलं होतं, गिटारची आणि अँपची सगळी बटणं टोकापर्यंत फिरवलेली. तारा गंजलेल्या. मी तारा बदलल्या. कर्कशपणा वाढवणारं बटण खाली आणलं, प्रत्येक तार वेगळी ऐकू येईपर्यंत. जी तार वाजवायची नाही ती तळहातानं दाबून धरायला शिकवलं. गिटारसाठी भोंगा बंद, वेगळा बॉक्स, इको शून्यावर. आणि रोज त्याला माझ्याकडे पाठ करून बसवायचे, मागून एखादं बटण फिरवायचे आणि विचारायचे, काय बदललं? सुरुवातीला तो काहीही ठोकून द्यायचा. नंतर नंतर मी बटणावरून बोट काढायच्या आत सांगायला लागला. वैऱ्याचं पोरगं असून मला आवडायला लागलं, याचाही मला राग येई.

जयंतीचा दिवस आला. तोच चौक, तोच टेंपो. आई पुढेच उभी होती. नानासोंनी माइक घेतला.

"मंडळी, ह्यो माझा प्रथमेश! ह्येला कुणी शिकवलं म्हणून इचाराल, तर ह्ये रक्तातच हाय. ह्येचा गुरू म्हंजे ह्येचा बाप!" आणि त्यांनी कानाला हात लावला, स्वतःच्याच नावानं.

शिट्ट्या पडल्या. प्रथमेशनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं.

इको मी टोकापर्यंत फिरवला. भोंगा चालू केला.

प्रथमेशनं तार छेडली आणि तीच किंकाळी निघाली. बायकांनी कान झाकले, पोरांनी मोबाइल वर केले, चौक हसायला लागला. नानासो माझ्याकडे धावले.

"क्रांते, आवाज बघ की! आवाज!"

"आवाजाला काय न्हाई झालं, नाना. गुरूचं नाव राह्यलंय."

"आगं, पोराची अब्रू चाललीया!"

"माझी गेली तवा माइक तुमच्याच हातात व्हता. आताबी हाय."

नाक दाबलं की तोंड उघडतं. नानासोंनी माइक तोंडाशी नेला, दुसरा हात कानाला लावला. "मंडळी, चुकलं. ह्येची गुरू... क्रांतीताई."

"मोठ्यानं," मी म्हणाले.

"क्रांतीताई!" भोंग्यातून तो इको पार वेशीपर्यंत गेला असेल. आईनं आजूबाजूच्या बायकांकडे एकदा बघून घेतलं आणि पदर सारखा केला. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग मी इको शून्यावर आणला, भोंगा बंद केला आणि प्रथमेशला मान हलवून खूण केली. तो वाजवायला लागला. एकेक सूर स्वच्छ, वेगळा. हसणारे गप्प झाले, आणि गाणं संपल्यावर ताशेवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मिरवणूक पांगल्यावर मी वायरी गुंडाळत होते. प्रथमेश शेजारी येऊन बसला.

"ताई, आधी इको फिरवला, मग भोंगा चालू केला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच तर वळखायला शिकवलंय."

माझ्या हातातली वायर तिथंच थांबली. "राग तुझ्या बापावर व्हता, प्रथमेश. तुझ्यावर न्हाई."

"ठाव हाय मला. पर किंकाळी माझ्या नावावर गेली." त्यानं मोबाइल पुढे केला. त्याची रील आधीच गावभर फिरत होती. खाली कुणीतरी लिहिलं होतं, नवा डास.

तो रागावला असता, रडला असता, तर बरं झालं असतं. त्यानं मोबाइल शांतपणे खिशात ठेवला.

"बाबा खोटं बोलले म्हणून झालं ह्ये," तो म्हणाला. "गावच्या जत्रंत त्यांचा बेंजो हाय. समदं गाव आसतंय. मला मशीन चालवाय शिकवा."

त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. सांगलीला खोलीवरच्या आरशात मी असा रोज बघायचे.

नाही म्हणायला हवं होतं.

"सकाळी लवकर ये," मी म्हणाले.