कोस्ता आणि कौल

दार लावून अभ्यास करणाऱ्या मुलीवर माझा विश्वास नाही. स्वतःच्या पोटची असली तरी नाही.

आमची सावनी युरोपियन युनियनचा कायदा शिकत होती. इथे वकिलीची पदवी घेतलीन, मग बेल्जियममधल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळवलान. पहिलं सत्र घरी बसून लॅपटॉपवर, दुसरं तिकडे जाऊन. "आई, तू हो म्हणालीस तरच जाईन," असं तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं. आता इतकं गोड कुणी बोललं की मी आधी त्याच्या हाताकडे बघते, मागे काय लपवलंय म्हणून.

आणि तो कायदा तरी कसला? सत्तावीस देशांचा मिळून एक. आमच्या भावकीतल्या चार घरांचं पाखाडीची फुटकी पायरी कुणी दुरुस्त करायची यावर एकमत होत नाही, आणि हे सत्तावीस देश एका कोर्टाचं ऐकतात? डोंबल ऐकतात! मी आमच्या ह्यांना, म्हणजे राजाभाऊंना, तसं म्हटलंसुद्धा. हे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. म्हणाले, "अगो उमा, शिकतेय ना पोर? शिकू दे." ह्यांना जगात कुणाचाच संशय येत नाही. त्यामुळे दोघांच्या वाटणीचा मलाच घ्यावा लागतो.

तिकडची सकाळ ती आपली दुपार. जेवणं झाली की सावनी माडीवर जायची आणि कडी लावायची. कधी कडी लावायची विसरली आणि मी आत डोकावले, की लॅपटॉप खाडकन मिटायची. "काय गो?" विचारलं तर "काही नाही, लेक्चर." लेक्चर ही काय मिटायची वस्तू आहे? मी काय काल जन्मले?

मग एके दुपारी मी गच्चीत वाळत घातलेली आंबोशी वळवायला गेले, तर खिडकीतून तिचा आवाज. सगळं इंग्रजी. त्यातलं एक नाव मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. कोस्ता. परत कोस्ता. मग ती खुदकन हसली आणि पुन्हा म्हणाली, कोस्ता. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी आंबोशी त्या आठवड्यात जितकी वळवली गेली, तितकी जन्मात गेली नसेल.

खाली येऊन ह्यांना विचारलं, "कोस्ता कुठलं हो आडनाव?"

"गोव्याकडचं," पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले. "मडगावात पुष्कळ असतील."

आलं लक्षात. पोरगा गोव्याचा. गोव्यातल्या कितीतरी जणांकडे पोर्तुगालचा पासपोर्ट असतो, आणि तो असला की त्या सत्तावीस देशांत कुठेही राहायला मोकळे, हे सावनीनेच मला एकदा जेवताना सांगितलं होतं. सांगताना कोण उत्साह! तेव्हा मी पुढ्यातल्या माशाचा काटा काढत होते, म्हणून चुकलं. नाहीतर तिथेच पकडली असती.

मुलगा वाईट असेल असं माझं म्हणणं नव्हतं. असेल चांगला. पण तिकडे एकदा घर मांडलंन की सावनी मांडवीच्या ह्या घरी येणार ती पाहुणी म्हणून. चार दिवस राहणार, आमटी भुरकून "आई, किती दिवसांनी गं" म्हणणार आणि बॅग भरणार. ते मला नको होतं. एकुलती एक पोर आहे माझी. आणि हे तिला सरळ विचारायला जीभ रेटत नव्हती.

म्हटलं, कौल लावू.

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर गावच्या देवाला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वकिलीण बाई नाक मुरडतील असं वाटलं होतं, तर सावनी म्हणते, "चल ना, मला बघायचंच आहे." म्हणजे हिला निकाल आधीच ठाऊक? गुरवाला फोन बिन केलान की काय?

आमचं मूळ गाव हातखंब्याच्या पुढे. सकाळीच तिघं देवळात पोचलो. धोंडू गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "वयनी, काय इचारायचा?" मी त्याच्या कानात हळूच सांगितलं. पण धोंडूला देवाशी हळू बोलता येत नाही. त्याने सगळं देऊळ दणाणून सोडलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी आली हायत. ही सावनी बाय शिकायला परदेशात जातेय. ती सुखान जाऊ दे, चांगली शिकू दे, त्या कुना कोस्ताच्या नादाला नको लागू दे, आन शिकून परत घराला येऊ दे. असा व्हनार असंल तर उजवी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," हे मनोभावे म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. "कोस्ता कोण?"

सावनीने ओढणी तोंडात कोंबली. खांदे गदागदा हलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात पाकळी पडली. डावी.

"डावी दिलान," धोंडू म्हणाला.

खरं म्हणजे मला बरं वाटायला हवं होतं. माझंच खरं ठरलं होतं. पण मी उजव्या पाकळीकडेच बघत राहिले, अजून पडते का म्हणून.

सावनीचं हसू थांबलं. "आई, तू चार गोष्टी एकदम विचारल्यास. देवाने नाही कशाला म्हटलं? जाण्याला, शिकण्याला, कोस्ताला, की परत येण्याला?"

धोंडूने डोकं खाजवलं. "ता खरा हाय."

"मग एकेक करून विचार की परत!" मी म्हटलं.

"नाय वयनी. एका कामाला एकच कौल. फिरून इचारलाव तर देव रागावतो."

मी सावनीला हाताला धरून बाहेर पायरीवर आणलं. "कोण तो कोस्ता, आधी बोल."

"अगं, मिलानचा वकील होता तो! साठेक वर्षांपूर्वीचा. सरकारने वीज कंपन्या ताब्यात घेतल्या म्हणून चिडून त्याने विजेचं बिल भरलं नाही. त्याचा खटला आम्हाला घोकावा लागतो."

"बिल नाही भरलंन?" मागून ह्यांनी कौतुकाने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो. आणि लॅपटॉप कशाला मिटतेस?"

"मागे एकदा माईक चालू असताना तू जिन्यातून ओरडलीस, आमसुलं आत घे गो! बेल्जियममधल्या सगळ्या वर्गाने ऐकलं."

मला हसू आलं, पण मी ते दिसू दिलं नाही. सावनी माझ्या शेजारी बसली. "त्या खटल्यात मिलानच्या छोट्या न्यायाधीशाला कळेना, आपल्या देशाचा कायदा धरायचा की सगळ्यांचा मिळून केलेला. त्याने मोठ्या कोर्टाला प्रश्न पाठवला. त्यांची तशीच पद्धत आहे. मोठं कोर्ट अर्थ सांगतं, पण निकाल घरच्या न्यायाधीशानेच द्यायचा असतो. देवाला विचारलंस, मग मला का विचारत नाहीस, आई?"

देवाला विचारून झालं होतं, ह्यांना विचारून झालं होतं, खिडकीला कान लावून झाले होते. मग मी विचारलं. "तू परत येणार आहेस का गो?"

मला वाटलं, आता म्हणेल, म्हणजे काय, येणारच! आणि मी मनात म्हणेन, खोटं.

तिने ओढणीचं टोक पिळलं. "माहीत नाही, आई," ती म्हणाली. "तिथे चांगलं काम मिळालं तर कदाचित नाही येणार." आणि रडायला लागली.

मला असा राग आला म्हणून सांगू! दोन थोबाडीत द्याव्यात आणि कुशीत घ्यावं, असं एकदमच वाटलं. पण त्या बोलण्यात बोट ठेवायला कुठे जागा सापडेना. मला बरं वाटावं म्हणून तिने एक अक्षर वाढवलं नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझा तिच्यावर विश्वास बसला.

हे समोर उभे होते. "मग काय करायचं, उमा?"

"काय करायचं म्हणजे? तिकीट काढा," मी म्हटलं. "पण जाण्याचंच काढा. परतीचं काढून ठेवलंत, तर मी त्या तारखेपर्यंतचे दिवस मोजत बसेन."