चारशे बारा गाड्यांची जागा

सासूबाई गॅलरीत खुर्ची टाकून मोजत होत्या. ओठ हलत होते, बोट हवेत नाचत होतं.

"एकशे बारा," त्यांनी जाहीर केलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात आजच्या चौकोनात आकडा लिहिला.

"आई, रिकामटेकडा उद्योग आहे हा," डबा भरता भरता सून म्हणाली.

"मग भरलेला उद्योग दाखव. खाली उतरलं की दुकान नाही, बाक नाही, बोलायला माणूस नाही. गाड्याच मोजायच्या. आणि त्याही येत नाहीत मेल्या!"

खोटं काय होतं त्यात? शहरापासून लांब, मोकळ्या रानात उठवलेली ही वसाहत. समोर नवं बाजार संकुल आणि मध्ये पार्किंग. दुकानं एवढीशी आणि पार्किंग त्यांच्या तिप्पट. नाकापेक्षा मोती जड. चारशे बारा गाड्यांची जागा, त्यातली निम्मीसुद्धा कधी भरायची नाही. बाकी नुसतं डांबर, उन्हात तापत पडलेलं.

सासूबाईंच्या गुडघ्यांचे डॉक्टर त्याच संकुलात बसत. गॅलरीतून त्यांची पाटी वाचता येई. चालत गेलं तर तीनशे पावलं. पण चालायला वाट नव्हती. गाडीने जायचं तर हमरस्त्याला लागून, लांबच्या पुलाखालून वळून दोन किलोमीटर. गाडी मुलगा सकाळीच कामावर घेऊन जाई.

"संध्याकाळी हे आले की सोडतील तुम्हाला," सून म्हणाली.

"समोर दिसणाऱ्या दाराला गाडी लागते? कुणी केलाय गं हा नकाशा? हात झडले होते का त्याचे?"

सुनेने डब्याचं झाकण लावलं आणि निघाली. बोलणार कोणत्या तोंडाने? तो नकाशा तिनेच केला होता.

नकाशे काढणं हेच तिचं काम. दोन वर्षांपूर्वी तिने या पार्किंगच्या मधोमध, वसाहतीच्या फाटकापासून दुकानांच्या दारापर्यंत, झाडांच्या सावलीतली पायवाट आखली होती. साहेबांनी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, चौदा गाड्या कमी होतायत. नियमात चारशे बारा म्हटलंय. काढा ती." तिने काढली. एक बटण दाबलं आणि पायवाट गेली, झाडंही गेली. घरी तिने चकार शब्द काढला नाही.

एकशे बारा लिहिलं त्याच दिवशी दुपारी सासूबाई एकट्याच पार्किंगमधून डॉक्टरांकडे निघाल्या. दोनशे पावलं झाली असतील, तोच रिव्हर्स घेणाऱ्या एका गाडीने त्यांना पाडलं. खुब्याचं हाड मोडलं.

"पार्किंगमध्ये कोण चालतं?" गाडीवाला उलट ओरडला. दवाखान्यात मुलगाही आईवरच घसरला, "तुला सांगितलं होतं ना, कुठे जाऊ नकोस म्हणून!" आणि संकुलवाल्यांनी चार दिवसांत पाटी लावली : 'येथे पायी चालण्यास मनाई आहे.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माणसाला चालायला जागा ठेवायची नाही, आणि चालला म्हणून त्यालाच गुन्हेगार ठरवायचं!

रात्रंदिवस त्या एका बटणाचा आवाज सुनेच्या डोक्यात वाजत राहिला. शेवटी खाटेशी बसून तिने सांगून टाकलं. "आई, तिथे वाट होती. मी पुसली."

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, मारलं असतं तर बरं.

"माझा खुबा तुझ्या हाताने मोडला म्हणायचा."

"हो."

 सून हुंदके देऊ लागली तशा सासूबाई खेकसल्या, "रडून हाड जुळत नाही. ते कॅलेंडर काढ भिंतीवरचं. घेऊन जा तुझ्या साहेबाकडे."

महिन्याभराने कचेरीत दुसऱ्या टप्प्याचा नकाशा टेबलावर आला. वसाहतीमागचं उरलंसुरलं मैदान, तिथे आणखी सहाशे गाड्या. वाट याही खेपेला नाही. तिच्या सहीची जागा तेवढी कोरी होती. तिने सहीऐवजी कॅलेंडर ठेवलं.

"पडेपर्यंत दहा महिने माझ्या सासूबाईंनी रोज मोजलंय. चारशे बारा जागांत सर्वांत जास्त गाड्या एकशे नव्वद. त्याही एकदाच."

"म्हातारीचं कॅलेंडर मंजुरीला जोडू का मी?" साहेब हसले. "नियम आहे, बाई."

"कुठून आला हा नियम?"

"शेजारच्या शहराचा उतरवून घेतला."

"आणि त्यांनी?"

"घेतला असेल कुणाचा तरी! तुम्हाला काय करायचंय?"

"म्हणजे मोजलं कुणीच नाही. पहिलं मेंढरू खड्ड्यात पडलं, आपण मागोमाग."

"तोंड सांभाळा! सही करणारे दहा मिळतील मला."

"मिळतील. त्यांच्याही घरी कोणीतरी पायांनी चालणारं असेल, एवढं त्यांना सांगा. मी सही करणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

तिने कॅलेंडर उचललं आणि बाहेर पडली.  

कचेरीची गाडी संध्याकाळी सुटायची, म्हणून ती साध्या बसने आली. बसने तिला संकुलाच्या दाराशी सोडलं. पलीकडे घर दिसत होतं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हे पार्किंग आपण रेघ न् रेघ आखलं, पण एकदाही पायी ओलांडलं नाही.

मनाईच्या पाटीखालून ती निघाली. डांबराची धग चपलेतून लागत होती. मागून हॉर्न वाजला, मग दुसरा. "ओ बाई, मरायचंय का?" ती बाजूला झाली नाही. दोन वर्षांपूर्वी जिथे वाट आखली होती, बरोबर तिथूनच ती चालत राहिली.

घरात शिरली तर सासूबाई गॅलरीतच, खुर्चीत.

"नोकरी गेली, आई."

"पाहिलं मी वरून. दे ते कॅलेंडर."

त्यांनी आजच्या चौकोनात लिहिलं : गाड्या नव्वद. त्याखाली इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच दुसरी ओळ आली : चालणारी माणसं, एक.

मग पेन ठेवून त्यांनी सुनेकडे पाहिलं. नजर अजून निवळली नव्हती.

"माफ केलंय असं समजू नकोस. आणि तो वॉकर सरकव इकडे. उद्या दोन माणसं लिहायचीत."